डिपरची दांडी

आत्ती गेल्या तो दिवस जुलैतला. सकाळपासून पाऊस उघडला नव्हता. सासूबाईंना मी आत्ती म्हणायचे. अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांना गावाहून कोल्हापुरात आमच्या घरी आणलं, तेव्हापासून त्या माझ्याकडंच होत्या. मी शाळेत शिकवते. सकाळी त्यांचं सगळं आवरून शाळा गाठायची, मधल्या सुट्टीत घरी एक फेरी मारायची आणि पुन्हा शाळा. शेवटी छातीत कफ भरला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

माझे यजमान नोकरीसाठी पुण्यात. जमेल तेव्हा यायचे. धाकटे दीर गावी, गगनबावड्याच्या अलीकडं, मुख्य रस्ता सोडून बरंच आत. भात, थोडा ऊस आणि गोठ्यात म्हशी. आत्ती दवाखान्यात असताना भावजी एकदाच आले. वर वॉर्डात आलेच नाहीत. दुधाची किटली खालच्या खाली वॉचमनकडं दिली आणि परत गेले. मी फोन केला तर म्हणाले, "म्हशी कुणावर टाकून येऊ वैनी? धारंचा टाइम झालाय." आत्तींना मी ते दूध चमच्यानं पाजलं. दूध घरचं आहे हे त्यांना कळलं. दाराकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, भावजी घाईत होते. त्यानंतर मी भावजींना फोन करणं सोडून दिलं.

बोलता येत होतं तोवर आत्तींचं एकच मागणं होतं. "हितं न्हाय हं. गावात न्यायचं मला. वड्याकाठी, तुज्या मामांच्या शेजारी." मामा म्हणजे माझे सासरे. त्यांना गावच्या ओढ्याकाठी दहन दिलं होतं. मी दर वेळी "व्हय" म्हणायचे. पुढंपुढं त्यांची जीभ जड झाली, तरी "वड्याकाठी" एवढं मला ओळखू यायचं.

त्या गेल्यावर मी आधी पुण्याला फोन केला, मग गावाला. भावजी मिळेल त्या एसटीनं आले. दवाखान्याच्या आवारात वडाच्या झाडाखाली भिजत उभे राहिले. आत्तींना खाली आणलं, गाडीत ठेवलं. तेव्हाही ते पुढं आले नाहीत. दुसऱ्याच माणसांनी हात लावला. मग ते गुपचूप ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि मी मागं आत्तींजवळ.

गाडी म्हणजे उंच, पांढरी, जुनी अॅम्ब्युलन्स. पुढच्या दोन सीटच्या मधे इंजिनाचा उंचवटा आणि त्यावर रेक्झिनची गादी. मागं आणि पुढं यांच्यात एक सरकती काच. स्ट्रेचर जागेवर अडकवायची कडी मोडलेली होती, म्हणून ते पट्ट्यानं बांधलं होतं. ड्रायव्हर पन्नाशीचा असावा. निघतानाच म्हणाला, "ही गाडी माझी न्हवं ताई. नेहमीचा माणूस आजारी हाय, म्हणून मालकानं मला बोलावलंय. हिचं काय दुखणं-खुपणं मला म्हाईत न्हाय." त्याचं बोलणं मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

फुलेवाडी सोडली तोच अंधारून आलं. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता, पण ढगच असे खाली आले होते की ड्रायव्हरनं दिवे लावले. बालिंग्याच्या पुलावरून नदी दिसली. नदी कसली, उसाच्या शेंड्यांपर्यंत सगळं तांबडं पाणी. भावजींना गावाकडून फोनावर फोन येत होते. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी यायला लागलंय, अजून गाड्या जातायत, पण चढतंय, लवकर या. दर पावसाळ्यात तो रस्ता बंद होतो. एकदा बंद झाला की कधी उघडेल ते कुणी सांगू शकत नाही.

पूल ओलांडून थोडं पुढं गेलो आणि डावीकडचा दिवा मंद झाला. मला मागून काचेतून दिसत होतं, रस्त्याच्या डाव्या बाजूचा उजेड पिवळा पडत पडत गेलाच. ड्रायव्हरनं बटण बंद केलं, परत चालू केलं. दिवा आला, पुन्हा गेला. उजव्या एका दिव्यावर तो तसाच चालवत राहिला. कळे गावाच्या अलीकडं एका खड्ड्यात गाडी आदळली आणि उजवाही गेला. समोरची काच एकदम काळी झाली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. स्ट्रेचर पट्ट्यासकट पुढं सरकलं, मी दोन्ही हातांनी आत्तींना धरलं. त्यांचं डोकं माझ्या कोपरावर आपटलं. "सावकाश!" असं मी ओरडले. त्यांना आता लागणार नव्हतं, हे ओरडून झाल्यावर लक्षात आलं.

रस्त्याकडेला एक पंक्चरचं दुकान होतं, बंद. पुढं पत्र्याची शेड होती. ड्रायव्हरनं गाडीचं तोंड त्या पत्र्याखाली घातलं. शेजारी गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याचं खोपटं होतं, त्यालाही कुलूप. समोरच्या घरातली बाई म्हणाली, त्याच्या घरात पाणी शिरलंय, तो सामान हलवायला गेलाय, आज काय येत नाही.

भावजी खाली उतरले. ट्रॅक्टरचं वायरिंग ते घरीच करायचे, तेवढी माहिती त्यांना होती. दवाखान्यापासून ते आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आता कामाला लागले तसं तोंड उघडलं. "पावणं, फ्यूज कुटं हायत?" ड्रायव्हरला माहीत नव्हतं. मी मोबाइलचा टॉर्च धरला आणि दोघांनी डॅशबोर्डखाली शोधून फ्यूजची डबी काढली. एकेक फ्यूज उपसून उजेडात धरून बघितला. सगळे चांगले. मग बल्ब काढले. काचेच्या आत तार शाबूत होती, दोन्हींची. "बल्ब गेलं न्हाईत. गेलं असतं तरी दोन्ही एकदम कसं जातील?" भावजी स्वतःशीच म्हणाले. बॅटरीची टोकं घासली. दिव्यामागून बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर गंजली होती, ती सोडवून चाकूनं खरवडून पुन्हा आवळली. प्रत्येक वेळी ड्रायव्हर आत चढायचा, बटण फिरवायचा आणि आम्ही दोघं समोर उभं राहून दिव्यांकडं बघायचो. काही नाही. मागचे लाल दिवेही लागत नव्हते. चारी इंडिकेटर मात्र लागत होते आणि छतावरचा निळा फिरता दिवाही.

"रिले कुटं असंल?" भावजी विचारत होते. दिव्यांचा भार बटणावर येऊ नये म्हणून मधे जी एक डबी बसवलेली असते ती. हॉर्नची सापडली, दिव्यांची काही सापडेना.

मग त्यांनी बॅटरीपासून सरळ दिव्यापर्यंत वायर ओढायचं ठरवलं. जादा वायर नव्हती. सायरनची वायर कापून घेतली, ओल्या हातांनीच टोकं सोलली. वायर लावल्याबरोबर उजवा दिवा भक्कन पेटला. समोरच्या भिंतीवरचा बनियनच्या जाहिरातीचा माणूस दिसला, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ हसले. तेवढ्यात वायरीतून धूर यायला लागला. वायर बारीक, तिला भार पेलेना. ठिणगी उडाली तसा ड्रायव्हर ओरडला, "काढा! काढा ती आदी! मागं ऑक्सिजनची टाकी हाय, भरल्याली!" भावजींनी वायर ओढून काढली, त्यात त्यांची दोन बोटं भाजली. ती बोटं पागोळीखाली धरून ते उभे राहिले. पुन्हा तसं करायचं ड्रायव्हरनं सरळ नाकारलं. त्याचं बरोबर होतं.

डिपरचं मात्र योगायोगानं कळलं. समोरून एक दुधाचा टेम्पो येत होता. त्याला थांबवायला ड्रायव्हरनं सवयीनं स्टिअरिंगखालची डिपरची दांडी स्वतःकडं ओढली आणि दोन्ही दिवे लखलखीत लागले. दांडी सोडली, गेले. ओढली, लागले. टेम्पो थांबला नाही, पण आम्हाला कळायचं ते कळलं. बटणातून जाणारी वाट मेली होती, समोरच्याला इशारा करायची वाट जिवंत होती. दांडी ओढून धरली तर उजेड. पण ती धरून कोण बसणार? ओढून बांधायला बघितलं तर दोरी स्टिअरिंगमधे अडकत होती.

त्याच वेळी यजमानांचा फोन आला. सातारा मागं टाकला होता त्यांनी. मी काय झालंय ते सांगितलं.

"मग थांबा ना तिथंच," ते म्हणाले. "कळ्यात एखाद्या दवाखान्यात आईला ठेवा. मी पोचतो, सकाळी गाडी बघू, सगळे मिळून जाऊ."

"मांडुकलीला पाणी चढतंय. आता नाही गेलो तर जाता येणार नाही."

"नसेल जाता येत तर कोल्हापुरात करू. मी आल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. एवढं ऐक माझं."

मी फोन भावजींकडं दिला. ते नुसतं "व्हय दादा, व्हय" म्हणत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले, "दादा म्हणतोय तर थांबूया वैनी. त्यो थोरला हाय."

मी गाडीत मागं बघितलं. आत्तींच्या अंगावरच्या चादरीवर छतातून पाणी ठिबकत होतं. आता कुठल्या दवाखान्यात ठेवणार होतो आम्ही त्यांना? आणि सकाळपर्यंत पाणी उतरणार नव्हतं, चढणारच होतं. थांबायचं म्हणजे शेवटी पुन्हा कोल्हापुरात, हे मला स्वच्छ दिसत होतं. ज्या बाईला मी रोज "व्हय" म्हणत आले, तिच्याशी खोटं बोलल्यासारखं झालं असतं.

"जायचं," मी म्हटलं.

ड्रायव्हरनं विचारलं, "दांडी कोण धरणार ताई?"

"मी धरतो दांडी," भावजी लगेच पुढं झाले. "तुमी मागं बसा, बसल्यासारकं."

ते माझ्याकडं बघत नव्हते. का बघत नव्हते ते मला त्याच क्षणी कळलं. त्यांना मागं बसायचं नव्हतं. दवाखान्यात वर यायचं नव्हतं, गाडीत ठेवताना हात लावायचा नव्हता, आणि आताही.

मी म्हटलं, "तुमची बोटं भाजलीयत. आणि पुढं वळणं हायत, स्ट्रेचर माझ्यानं एकटीला आवरणार नाही. तुम्ही बसा मागं."

"वैनी, मला न्हाय जमायचं."

"मला जमत होतं काय? इतके दिवस मीच बसले ना त्यांच्याजवळ? आता तुम्ही बसा. तुमची आई हाय."

ड्रायव्हरनं तोंड दुसरीकडं वळवलं. भावजी मागचं दार उघडून आत चढले. दार त्यांनी आतून ओढून घेतलं. मी कठोर बोलले, असं नंतर पुष्कळ जणांनी मला ऐकवलं, कारण ड्रायव्हरनं गावात ते सांगितलं. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मी इंजिनाच्या उंचवट्यावर बसले, पाय एका बाजूला घेऊन. खालून इंजिनाची धग लागत होती. उजवा हात पुढं घालून दांडी स्टिअरिंगकडं ओढली. ड्रायव्हरनं चारी इंडिकेटर लावले, निळा दिवा फिरता ठेवला आणि गाडी काढली. मयत असताना तो दिवा लावत नाहीत म्हणे. पण मागून-पुढून येणाऱ्याला आम्ही दिसायला तर हवे होतो.

दांडीला आत स्प्रिंग असते, सोडली की ती मागं जाते. एरवी बोटाच्या टोकानं ओढतात, क्षणभर. सतत ओढून धरली की पहिल्यांदा बोटं भरून येतात, मग मनगट, मग खांदा. वळण आलं की ड्रायव्हरचा हात माझ्या मनगटावरून फिरायचा. प्रत्येक वेळी "माफ करा ताई" म्हणायचा. पुढं ते म्हणणं त्यानं सोडून दिलं. थोड्या वेळानं माझ्या तळहाताला दांडी गरम लागायला लागली. प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आला.

"आत तापतंय," ड्रायव्हर म्हणाला. "सरळ रस्ता आला की सोडा. थंड हुंदे."

मग तसंच सुरू झालं. रस्ता सरळ दिसला की तो वेग कमी करायचा आणि म्हणायचा, "सोडा." मी सोडायचे. सगळं काळं. वायपर फिरल्याचा आवाज, पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि निळा उजेड बाजूच्या उसावरून सरकत गेल्यासारखा. तेवढ्या उजेडात तो डांबराची कड ओळखत चालायचा. मग म्हणायचा, "धरा," आणि मी ओढायचे. दर वेळी वाटायचं की आता हे लागणार नाहीत. रस्त्याचं काम चाललेलं होतं, कडेला खोदून ठेवलं होतं, एका बाजूला नुसता खड्डा. एकदा दिवे लागले तेव्हा खड्डा चाकाच्या इतका जवळ होता की ड्रायव्हरनं देवाचं नाव घेतलं.

वाटेतल्या गावांत लोक दारात उभे होते. निळा दिवा बघून बाजूला होत होते. एका चौकात म्हातारा माणूस छत्री उंचावून ओरडला, "जावा जावा, लवकर जावा!" त्याला वाटलं आत कुणीतरी जगायचं आहे.

मागची सरकती काच पुरती लागत नव्हती. बराच वेळ मागून काहीच आवाज आला नाही. मग भावजींचं बोलणं ऐकू यायला लागलं. आधी वाटलं फोनवर बोलताहेत. पण ते आईशी बोलत होते.

"ती मोठी म्हस व्याली, आई," ते सांगत होते. "रेडी झाली. कपाळावर चांद हाय. तू म्हणलीवतीस रेडाच हुनार." मग गप्प. मग पुन्हा, "परड्यातला फणस पडला. वाऱ्यानं. मुळासकट गेला." पुन्हा गप्प. "चूल मी तशीच ठिवलीया. गॅस आणलाय, पर तुजी चूल काढली न्हाय." गावातली बारीकसारीक बातमी ते एकेक करून सांगत होते. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या बांधावरून भांडण झालं. स्ट्रेचर हलायचं तेव्हा "दमानं, दमानं" म्हणायचे. आणि एकदा, "यायचं हुतं गं मला. जिन्यापातूर आलतो. तुला तसलं नळ्या लावल्यालं बगायला पाय उचललं न्हाईत."

मला मान वळवता येत नव्हती. ड्रायव्हर रस्त्याकडं बघत होता, पण त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं ते मला दिसत होतं.

मांडुकलीजवळ गावातली माणसं दोर बांधून उभी होती. पलीकडं रस्ता दिसतच नव्हता, नुसतं वाहतं पाणी आणि त्यातून वर आलेले कडेचे पांढरे दगड. एकजण टॉर्च घेऊन पुढं आला, काचेवर थाप मारून म्हणाला, "बंद झालाय रस्ता. मागं फिरा."

ड्रायव्हरनं काच खाली केली. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "पेशंट हाय. सिरीयस हाय."

"कुठं, बावड्याला न्हेताय? मग कोल्हापुरातनं उलटं का आलाय?" तो माणूस खुळा नव्हता. टॉर्च घेऊन तो गाडीच्या मागं गेला. मी दांडी सोडून कशीबशी मान वळवली. मागच्या काचेतून टॉर्चचा झोत आत आला.

भावजींनी आत्तींच्या तोंडावरची चादर काढली होती. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, भाजलेल्या हातानं केस मागं सारत होते आणि म्हणत होते, "आलंच घर, आई. आलंच आता." झोत त्यांच्या तोंडावर पडला तरी त्यांनी वर बघितलं नाही.

ड्रायव्हरचं खोटं ऐकून त्यांनी तसं केलं, की आधीपासूनच ते तसे बसले होते, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. टॉर्चवाल्यानं झोत खाली घेतला. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. गावाकडच्या माणसाला मेलेलं माणूस ओळखू येतं. पुढं येऊन तो ड्रायव्हरला एवढंच म्हणाला, "मधनं घ्या. दगडांच्या मधनं. कुटंबी थांबू नका." आणि त्यानं दोर खाली टाकला.

पाण्यातून जाताना मी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. दिव्यांच्या उजेडात पाणी डावीकडून उजवीकडं धावत होतं आणि गाडीच आडवी सरकतेय असा भास होत होता. पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत होतं. इंजिन एकदा गुरगुरलं. ड्रायव्हरचे ओठ हलत होते. पलीकडचा चढ लागला, टायरखाली खडी वाजली, तेव्हा मी दांडी सोडली आणि माझी बोटं सरळ होईनात. ती दुसऱ्या हातानं एकेक करून उघडावी लागली.

आमच्यानंतर त्या रस्त्यानं कुणी आलं नाही.

गावात पोचलो तेव्हा माणसं बॅटऱ्या घेऊन फाट्यावर उभी होती. भावजींनी कुणाला आत्तींना हात लावू दिला नाही. स्वतः दोन्ही हातांवर उचलून घरात नेलं. सकाळी ओढ्याकाठी, मामांना जिथं दहन दिलं त्याच्या शेजारीच, पत्रे धरून सरण रचलं. लाकडं ओली होती. रॉकेल मिळेना, तर ट्रॅक्टरमधलं डिझेल काढून आणलं. अग्नी भावजींनी दिला, थोरला नव्हता म्हणून.

यजमान कोल्हापुरातच अडकले होते. राधानगरीकडून फिरून यायचा रस्ताही बंद होता. त्यांनी व्हिडिओ कॉल करायला सांगितला होता. एका पुतण्यानं छत्रीखाली फोन धरला. तिथं रेंज मुळातच कमी. चिता पेटायच्या आधीच चित्र थिजलं. त्यांना फोनमधे दिसलं ते छत्रीच्या काड्या आणि कुणाची तरी ओली पाठ. एवढंच.

पाणी उतरेपर्यंत ड्रायव्हर आमच्याकडंच राहिला. सुतकाच्या घरात त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी तो आणि भावजी घराच्या पुढच्या सोप्यात बसले आणि त्यांनी ते बटण खोलून काढलं. मीही जाऊन बघितलं. आतलं प्लॅस्टिक वितळून तांब्याच्या पट्टीवर चढलं होतं, पट्टी काळी ठिक्कर. दिव्यांना मालकानं जास्त पॉवरचे बल्ब बसवले होते, रिले बसवलाच नव्हता, सगळा भार त्या एवढ्याशा पट्टीवर. ती जळत जळत गेली. भावजींनी कानशीनं पट्टी घासली, नवीन तार टाकली, गावातल्या एका पिकअपचे साधे बल्ब आणून लावले. दिवसाढवळ्या दारात दिवे लागले. बघायला आम्ही तिघंच होतो. ड्रायव्हरनं बटण बंद केलं आणि हात धुवायला गेला.

यजमान आले तेव्हा सावडणंही होऊन गेलं होतं. ते सरळ ओढ्यावर गेले. ओढ्याचं पाणी वर येऊन जागा धुऊन गेली होती, चिखलाशिवाय तिथं काही नव्हतं. परत आले, अंगणात पाय धुतले आणि मला म्हणाले, "कुठं ते तरी दाखवायला यायचं होतंस." मी गेले. दाखवलं. दोघं उभे राहिलो. त्यांनी विचारलं, "थांबली असतीस तर?" मी म्हटलं, "तर आत्ती इथं नसत्या." ते म्हणाले, "आणि मी असतो."

दोन्ही खरं होतं.

वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा जेवणं झाल्यावर यजमानांनी भावाला सगळ्यांसमोर विचारलं, "तू तरी थांबायचंस. तुला सांगितलं होतं ना मी?"

भावजी खाली बघत म्हणाले, "मी थांबाच म्हणत हुतो. वैनी न्हाय म्हणाल्या."

मला राग आला. खरं बोलत होते तरी आला. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "बरं झालं न्हाय म्हणाल्या. न्हायतर मी आईजवळ बसलोच नसतो, दादा. जल्मात न्हाय." आणि उठून गोठ्याकडं गेले.

यजमान पुष्कळ वेळ जेवणाच्या जागेवर तसेच बसून राहिले. आम्ही उजेड असतानाच परत निघालो.

आता कुणी विषय काढला तर ते "आईचं तोंड बघायला मिळालं नाही" असं म्हणतात. आधी "बघू दिलं नाही" म्हणायचे. हा फरक कधी झाला ते मला कळलं नाही, आणि तो माझ्यासाठी केला की नुसता झाला, तेही त्यांनी कधी सांगितलेलं नाही.